डेमोची वंशावळ : बूटलेग कॅसेट कशी पारखावी, उतरवावी आणि नोंदवावी

माझ्याकडे नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. फोर्टच्या पदपथावर जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या गठ्ठ्यात ती मला मिळाली. तिच्या इनले कार्डावर निळ्या बॉलपेनने ‘क्वीन, डेमो, १९७०’ एवढेच लिहिलेले होते. क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला पाचगणीत होता हे विक्रेत्याला ठाऊक असल्यामुळे त्याने ‘आपला पाचगणीवाला’ म्हणत दहा रुपये जास्त घेतले. कार्डावरच्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन खऱ्या निघाल्या आणि तिसरी खोटी. परंतु तेवढे ठरवायला मला जवळपास दोन महिने लागले, कारण कोणत्या क्रमाने काय तपासायचे याची मला तेव्हा कल्पना नव्हती. रॉक बँडच्या सुरुवातीच्या डेमोंच्या, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या, अशा अनधिकृत प्रती मुंबईत अजूनही घरांच्या माळ्यांवर आणि चोर बाजारातील मटण स्ट्रीटच्या दुकानांत सापडतात. अशी प्रत हाती आल्यावर ती पारखावी कशी, तिला इजा न करता संगणकावर उतरवावी कशी आणि तिची नोंद कशी ठेवावी, हे पुढे सांगितले आहे.

प्रथम शब्द नेमके करून घ्यावेत. दुकानात मिळणाऱ्या अल्बमची चोरटी नक्कल म्हणजे पायरेटेड प्रत. वेष्टनासह अस्सल असल्याचा आव आणणारी ती बनावट प्रत. बूटलेग या दोहोंपेक्षा वेगळा असतो, कारण बँडने किंवा कंपनीने कधी बाजारात आणलेच नाही असे ध्वनिमुद्रण तो आडवाटेने पुरवतो. मुंबईकराला हा शब्द नवा नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीचा माल पोहोचवणाऱ्याला या शहरात बूटलेगरच म्हणत. रॉक संगीतातील पहिला गाजलेला बूटलेग १९६९ मध्ये अमेरिकेत निघाला. बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांच्या त्या जोड-एलपीचे वेष्टन कोरे पांढरे होते आणि त्यावर नाव रबरी शिक्क्याने उमटवलेले होते. आपल्या कामाच्या दृष्टीने पहिल्या दोन प्रकारांना दस्तऐवज म्हणून काहीच किंमत नाही, तिसऱ्याला असू शकते, आणि ती आहे की नाही हे त्या प्रतीच्या वंशावळीवर ठरते. पोथ्यांचा अभ्यास करणारे संपादक पाठभेद जुळवून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे जसे ठरवतात, तसेच हे काम आहे. लेखनिकाच्या हातून एक ओळ गळाली की त्याच्यावरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत ती ओळ गळते. टेपचेही नेमके तसेच होते.

गाणी मोजावीत, नावे वाचावीत

कॅसेट डेकमध्ये घालण्यापूर्वीच बरेच काही कळू शकते. त्या बँडच्या डेमोविषयी खात्रीशीर माहिती कोणती आहे ते आधी कागदावर लिहावे: ध्वनिमुद्रण कधी झाले, कुठे झाले, किती गाणी झाली आणि वाजवणारे कोण होते. मग आपल्या प्रतीवरील गाणी त्या यादीशी ताडून पाहावीत. बीटल्सने १ जानेवारी १९६२ रोजी लंडनमध्ये डेका कंपनीसमोर चाचणीसाठी १५ गाणी वाजवली, तेव्हा ड्रमवर पीट बेस्ट होता आणि कंपनीने पुढे त्यांना नाकारले, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. ही गाणी सत्तरच्या दशकात सुट्या तबकड्यांवर अनधिकृतपणे फिरली. त्यानंतर १९८२च्या सुमारास निघालेल्या एलपीवर त्यांतील १२च गाणी होती. लेनन आणि मॅकार्टनी यांची स्वतःची तीन गाणी तिच्यावर घेतलेली नव्हती. १९९५च्या ‘अँथॉलॉजी १’ वर १५ पैकी ५ गाणी अधिकृतपणे आली. त्यामुळे ‘डेका’ असे लिहिलेली एखादी कॅसेट हाती आली, तीवर १२ गाणी असली आणि नेमकी ती तीन नसली, तर ती स्टुडिओच्या मूळ टेपवरून, म्हणजे मास्टरवरून, आलेली नसून त्या एलपीच्या कुळातली आहे असे बहुतेक निःशंकपणे म्हणता येते. विक्रेता ‘मास्टरवरून घेतली आहे’ असे शपथेवर सांगत असला, तरी गाण्यांची संख्या त्याच्या शपथेपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

गाण्यांची नावेही बोलकी असतात. मेटॅलिकाने जुलै १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नो लाइफ टिल लेदर’ हा सात गाण्यांचा डेमो केला, आणि कॅसेटवरून कॅसेट उतरवत तो चाहत्यांनीच जगभर पोहोचवला. त्यात गिटारवादक डेव्ह मस्टेन याचे ‘द मेकॅनिक्स’ हे गाणे होते. तो बँडमधून गेल्यावर १९८३च्या पहिल्या अल्बमवर तेच गाणे नवे शब्द आणि नवा मधला भाग घेऊन ‘द फोर हॉर्समेन’ या नावाने आले. १९८२चा डेमो म्हणून मिळालेल्या प्रतीच्या कार्डावर जर ‘द फोर हॉर्समेन’ लिहिलेले असेल, तर ते कार्ड अल्बम ऐकलेल्या माणसाने नंतर केव्हातरी लिहिले आहे. यावरून टेपच खोटी आहे असे मात्र ठरत नाही. खोटे आहे ते फक्त कार्ड. नवशिके संग्राहक येथे हमखास चुकतात, आणि मीही चुकलो आहे. कार्ड, टेप आणि टेपवरील आवाज यांची तपासणी वेगवेगळी करायची असते, कारण कॅसेटच्या डब्या घराघरांत सर्रास अदलाबदल होत.

याच्या उलट, जे व्यंग नकलेचे वाटते ते कधीकधी मुळातलेच असते. निर्वानाने २३ जानेवारी १९८८ रोजी सिॲटलमध्ये ध्वनिमुद्रक जॅक एन्डिनो याच्याकडे एका दुपारी दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. शेवटचे गाणे चालू असतानाच टेप संपली, म्हणून एन्डिनोने ते गाणे हळूहळू मावळत नेले. ज्याला हे ठाऊक नाही तो ते गाणे अर्धवट तोडल्याबद्दल बूटलेगवाल्याला दोष देईल आणि ‘पूर्ण’ आवृत्ती शोधत बसेल. त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणांपैकी काही पहिल्या अल्बमवर आणि काही १९९२च्या संकलनावर अधिकृतपणे आली. त्यामुळे ‘अप्रकाशित’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रतीवर नेमके कोणते ध्वनिमुद्रण खरोखर अप्रकाशित आहे, हे गाणेगणिक तपासावे लागते.

माझ्या कॅसेटवर पाच गाणी होती आणि ती पाचही क्वीनच्या पहिल्या अल्बममधली होती. १९७१च्या अखेरीस लंडनच्या वेम्ब्ली भागातील डी लेन ली स्टुडिओची नवी यंत्रसामग्री तपासण्यासाठी मोठ्या आवाजात वाजवणारे कोणीतरी हवे होते, आणि त्या बदल्यात क्वीनला आपली पाच गाणी फुकट ध्वनिमुद्रित करायला मिळाली. संख्या जुळली, नावेही जुळली. बँड १९७० मध्ये स्थापन झाला असला तरी बेसवादक जॉन डीकन त्यात १९७१ मध्ये आला, म्हणून कार्डावरील साल त्या डेमोला लागू पडत नाही, एवढा निष्कर्ष कॅसेट लावण्यापूर्वीच काढता आला असता.

वेग मोजावा

डेमोच्या बूटलेगमधील सर्वांत सार्वत्रिक दोष वेगाचा असतो. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने धावायला हवी. परंतु घरगुती डेकचा वेग टक्का-दीड टक्का इकडेतिकडे असणे हे नेहमीचेच आहे, आणि एकीवरून दुसरी अशा चार-पाच प्रती निघेपर्यंत या चुका कधी एकमेकींना मारतात तर कधी साठत जातात. वेग सहा टक्क्यांनी वाढला की स्वर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. गायक कोवळ्या वयाचा वाटू लागतो, आणि ऐकणारा ‘सुरुवातीच्या काळात आवाज किती तरुण होता’ म्हणून हळवा होतो. हा हळवेपणा मी अनेकांत पाहिला आहे आणि त्यावर उपाय मोजमापाचाच.

मोजण्याची उत्तम पद्धत म्हणजे तेच ध्वनिमुद्रण अधिकृतपणे कुठे मिळते का ते पाहणे. क्वीनच्या बाबतीत दैव अनुकूल होते, कारण ‘द नाइट कम्स डाउन’ हे गाणे पहिल्या अल्बमवर घेताना डी लेन लीचेच ध्वनिमुद्रण वापरले गेले. त्या गाण्यात सहज ओळखू येतील असे ड्रमचे दोन ठोके मी खुणेसाठी निवडले. गाण्याचा शेवट खूण म्हणून घेऊ नये, कारण आवाज विरत जात असताना गाणे नेमके कुठे संपले ते कोणालाच सांगता येत नाही. अल्बमवर त्या दोन ठोक्यांमधील अंतर २०० सेकंद भरले आणि माझ्या कॅसेटवर १९३. दोनशेला एकशे त्र्याण्णवने भागले की १.०३६ येतात, म्हणजे माझी प्रत ३.६ टक्के अधिक वेगाने धावत होती.

असे तुलनेला काहीच उपलब्ध नसेल, तर विजेची गुणगुण कामी येते. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, तर अमेरिकेत ६० आवर्तनांची. ॲम्प्लिफायर आणि डेक यांच्यातून ही गुणगुण अगदी क्षीणपणे टेपवर उतरते आणि टेपचा वेग बदलला की तिचीही पट्टी बदलते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाणे सुरू होण्यापूर्वीचा दोनतीन सेकंदांचा शांत भाग निवडून त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या आवर्तनांचा आवाज किती आहे ते दाखवणारा आलेख, काढावा आणि त्यासाठी नमुन्यांची संख्या ६५,५३६ किंवा त्याहून मोठी ठेवावी. माझ्या कॅसेटवर ५०च्या आसपास एक पसरट उंचवटा दिसला, ज्यातून काही उलगडत नव्हते. पण त्याच्या तिप्पट आवर्तनांपाशी पाहिल्यावर १५० आणि १५५.४ अशी दोन स्वतंत्र टोके स्पष्ट दिसली. १५५.४ला तीनने भागले की ५१.८ येतात, आणि ५१.८ म्हणजे ५०पेक्षा ३.६ टक्के अधिक. ठोक्यांच्या मोजमापाशी हे तंतोतंत जुळले, त्या रात्री मी हातातला चहा बाजूला ठेवून आकडेमोड पुन्हा एकदा करून पाहिली. दुसरे टोक, १५०चे, माझ्या स्वतःच्या डेकचे होते. डेकमध्ये कॅसेट न घालता नुसते ध्वनिमुद्रण केल्यावर तेवढे एकच टोक उरले.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवावी. गुणगुण मूळ स्टुडिओतली आहे की मधल्या एखाद्या नकलेतली, हे तिच्यावरून कळत नाही. मात्र कॅलिफोर्नियातला डेमो म्हणून मिळालेल्या टेपवर ६०च्या आसपास काहीच नसेल आणि ५०च्या आसपास दोनतीन टोके असतील, तर ती टेप युरोपात किंवा भारतात एकाहून अधिक वेळा उतरवली गेली आहे असा अंदाज बांधता येतो, आणि वंशावळ मांडताना असे अंदाजही उपयोगी पडतात.

फाइल मिळाली असेल तर

आजकाल बहुतेकांच्या हाती कॅसेट येत नाही, फाइल येते. फ्लॅक या स्वरूपातील फाइल आवाजाचा कोणताही अंश गमावत नाही. परंतु एमपी३ फाइलला फ्लॅकचा अंगरखा घालणारे लोक आहेत. अशा फाइलचा वर्णपट पाहिला तर १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सारे काही कात्रीने कापल्यासारखे नाहीसे झालेले दिसते. येथे घाईने निकाल देऊ नये, कारण अनेक पिढ्यांच्या कॅसेटवरही त्या उंचीचे स्वर उरलेले नसतात. फरक कडेचा आहे: टेपवरील उंच स्वर उतारासारखे हळूहळू ओसरतात, एमपी३चे कड्यासारखे तुटतात. बूटलेग सीडी असेल तर तिच्या आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक भिंगातून वाचून लिहून ठेवावा आणि डिस्कॉग्ज या सूचीत शोधावा. तेथे अनधिकृत आवृत्त्यांची नोंद तशा स्पष्ट उल्लेखासह केली जाते, मात्र त्यांची विक्री करू दिली जात नाही.

उतरवताना

मुंबईत कॅसेटचा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा एवढा असतो की माळ्यावरच्या डब्यातील टेपच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून पाहावे. गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा धुरकट कडे दिसले, तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये मुळीच घालू नये, कारण बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट वेगळ्या, स्वस्तातल्या डेकमध्ये आधी पुढे-मागे फिरवून, दर फेरीनंतर टेपच्या वाटेवरचे भाग पुसून घ्यावी. शक्यतो हे सारे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे आणि उरलेले वर्षभर कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, लोहचुंबक असलेल्या स्पीकरपासून दूर, उभ्या ठेवाव्यात. पुड्या दर पावसाळ्यापूर्वी बदलाव्यात. गेल्या वर्षीच्या पुड्या या वर्षी केवळ शोभेच्या असतात.

डेक लॅमिंग्टन रोडवर अजूनही दुरुस्त करून मिळतात, परंतु दुकानात देताना रबरी पट्टे बदलून वेग तपासून द्यायला सांगावे, आणि परत आणल्यावर आपली सर्वांत मौल्यवान कॅसेट लगेच लावू नये. मी ती लावली होती. एका दुकानाने नवा पट्टा घालताना जुन्या पट्ट्याचा वितळलेला काळा चिकटा तसाच ठेवला होता. तो टेप ओढणाऱ्या रुळाला लागला आणि क्वीनच्या कॅसेटची दीड फूट टेप त्यावर गुंडाळली गेली. पेन्सिलने आणि बोटांनी ती सोडवता आली, तरी ‘ग्रेट किंग रॅट’मध्ये एक घडी कायमची राहिली, आणि आता ती माझ्या प्रतीच्या वंशावळीचा भाग झाली आहे.

प्रत्यक्ष उतरवण्यापूर्वी हेड, रूळ आणि रबरी चाक स्वच्छ करावे. धातूच्या भागांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरतो. टेपच्या आतल्या बाजूचा लहानसा लोकरी तुकडा जागेवर आहे का ते पाहावे, कारण तो जुन्या कॅसेटमधून गळून पडतो आणि मग आवाज अकारण मंद येतो. कॅसेट एकदा शेवटपर्यंत आणि परत सुरुवातीपर्यंत फिरवून घ्यावी, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. त्यानंतर अझिमथ जुळवावा. हेडमधली फट टेपच्या प्रवासाला अचूक काटकोनात असावी लागते. ज्या डेकवर आपली प्रत ध्वनिमुद्रित झाली त्याची फट किंचित तिरकी असेल, तर आपल्या डेकवर झांजांचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. आवाज मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवत, झांजा सर्वाधिक टोकदार ऐकू येतील तिथे थांबावे. स्क्रूची मूळ स्थिती आधी खुणेने नोंदवून ठेवली नाही, तर पुढची कॅसेट लावताना पश्चात्ताप होतो.

डॉल्बी, म्हणजे डेकमधील खरखर कमी करण्याची सोय, बंद ठेवावी, कारण मूळ प्रत डॉल्बी लावून केली होती की नाही हे बहुधा ठाऊक नसते आणि तो निर्णय नंतरही घेता येतो. ध्वनिमुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या सहा डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवावी. शेजारच्या खोलीतला फ्रिज या काळात बंद ठेवावा. हे हास्यास्पद वाटेल. परंतु माझ्या पहिल्या प्रयत्नात एका गाण्याच्या आधी एक टिक् असा आवाज ऐकू आला, आणि क्वीनचा ड्रमवादक रॉजर टेलर याने काठी वाजवून दिलेला तो संकेत आहे असे मी दोन महिने चारचौघांत सांगत होतो. तो आमच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा होता.

सर्वांत महत्त्वाचा नियम हा की पहिल्या फाइलला हात लावायचा नाही. खरखर काढायची नाही, वेग सुधारायचा नाही, गाण्यांमधले रिकामे क्षणही कापायचे नाहीत. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ‘जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला नाही’ अशा अर्थाचा श्लोक लिहून ठेवत. उतरवणाऱ्याची भूमिका तीच असावी. ऐकण्यासाठी वेगळी प्रत काढून तीत वेग दुरुस्त करावा आणि हवी तेवढी सफाई करावी. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी माझे मत कठोर आहे. ते खरखरीबरोबर जिथे वाजवले ती खोलीही पुसून टाकते, आणि डेमोत ऐकण्यासारखे बरेचसे त्या खोलीतच असते.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक फाइलसोबत साधी मजकुराची फाइल असावी. माझी नोंद अशी आहे:

‘कॅसेट, सी-९०, टाइप १, फोर्टच्या पदपथावरून विकत घेतलेली. आधीचे मालक अज्ञात, पिढी अज्ञात. कार्डावरील साल १९७० चुकीचे. गाणी पाच, डी लेन ली, १९७१. डेकचे हेड स्वच्छ केले, अझिमथ जुळवला, डॉल्बी बंद. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, फ्लॅक. वेग बदललेला नाही, मोजणीनुसार ३.६ टक्के जलद. खरखर काढलेली नाही. ग्रेट किंग रॅटमधील घडी माझ्या हातून पडली.’

‘अज्ञात’ हा शब्द लिहायला लाजू नये. जिथे माहिती नाही तिथे ‘बहुधा मास्टरवरून’ असे लिहिणारे लोकच पुढच्या वीस वर्षांचा गोंधळ तयार करतात. कॅसेटच्या दोन्ही बाजू आणि कार्ड स्कॅन करून ठेवावे आणि फाइलची चेकसम संख्याही नोंदवावी, म्हणजे पुढे कोणी ती बदलली तर लगेच कळते.

कायद्याची बाजू

अनधिकृत डेमो जुना झाला म्हणजे मुक्त झाला, ही समजूत चुकीची आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे राहतो. आणि हक्कदाराच्या परवानगीवाचून झालेले प्रकाशन हे प्रकाशनच मानले जात नाही, असे त्याच कायद्याचे कलम ४ सांगते. म्हणजे बूटलेग पन्नास वर्षे पदपथावर विकला गेला, तरी त्यामुळे मुदतीचे घड्याळ सुरू होत नाही. अशा प्रतींची विक्री किंवा वितरण करणे हा हक्कभंग आहे आणि जाणूनबुजून तो केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. व्यक्तिगत वापर, संशोधन आणि समीक्षा यांसाठी कलम ५२ मध्ये रास्त वापराची सवलत आहे, तिच्या मर्यादेत राहावे. माझा स्वतःचा दंडक सोपा आहे: मी प्रत विकत नाही, इंटरनेटवर चढवत नाही, आणि लिहिताना नोंद प्रसिद्ध करतो, आवाज नाही.

आपल्या शहराचे डेमो

हे सारे परदेशी बँडपुरते आहे असे समजण्याचे कारण नाही. रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आला आणि तोच बँड पुढे इंडस क्रीड या नावाने ओळखला गेला. त्या काळात, १९८६ पासून भरू लागलेल्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवात वाजवण्याची उमेद धरून, शहरातल्या कितीतरी महाविद्यालयीन बँडनी कॅसेटवर डेमो केले. त्यांच्या प्रती कॅसेटवरून कॅसेटवरच फिरल्या. इथे आपल्याला जी सोय आहे ती क्वीनच्या संग्राहकाला नाही, कारण वाजवणाऱ्या माणसाला आपण फोन करू शकतो. अशा एका बँडचे ड्रमवादक आता बँकेतून निवृत्त होऊन डोंबिवलीत राहतात. त्यांच्या बँडचा ‘डेमो’ म्हणून मला मिळालेली कॅसेट मी त्यांना ऐकवली. त्यांनी अर्धा मिनिट डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “हा डेमो नाही, ही तालीम आहे. पंखा ऐकू येतोय ना? डेमोच्या वेळी आम्ही पंखा बंद केला होता. मे महिना होता, गिटारवाल्याच्या बोटांवरून घाम टपकत होता.” मग त्यांनी कपाटावरून एक बॅग काढायला सांगितली. त्यांच्या स्वतःच्या प्रतीवर पंखा नव्हता.

वाजवणाऱ्याकडून प्रत घेताना परवानगी लेखी घ्यावी. कोणत्या गोष्टीला परवानगी आहे, म्हणजे उतरवायला, जपायला की इतरांना ऐकवायलाही, हे त्यात स्पष्ट असावे, आणि बँडमधील इतरांनाही विचारावे. मूळ कॅसेट त्याच दिवशी परत करता येत नसेल तर घेऊच नये. डोंबिवलीहून परतताना गर्दीच्या लोकलमध्ये ती छातीशी धरून उभा होतो, तेव्हा हा नियम मी स्वतःसाठी केला.

अधिकृत आवृत्ती आल्यावर

बूटलेगमधून फिरलेले डेमो अलीकडे वरचेवर अधिकृतपणे बाहेर येतात. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणांचे संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेले, परंतु पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या ध्वनिमुद्रणांना ती वाढ मिळत नाही, म्हणून कंपन्या मुदत संपता संपता जुन्या टेप बाजारात आणतात. बीटल्सची १९६३ची ५९ ध्वनिमुद्रणे डिसेंबर २०१३ मध्ये अशीच आली, आणि पिंक फ्लॉइडची पहिली ध्वनिमुद्रणे २०१५ मध्ये. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपेलिन बँडच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईतल्या वादकांना घेऊन केलेली दोन गाणीही चार दशके बूटलेगवरच फिरल्यानंतर २०१५ मध्ये त्यांच्या ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत समाविष्ट झाली. अशी आवृत्ती निघाली की ती विकत घ्यावी आणि आपली प्रत तिच्याशी गाणेगणिक ताडून नोंद सुधारावी.

ताडताना अधिकृत आवृत्तीचेही वेष्टन वाचावे लागते. क्वीनचे डी लेन ली डेमो २०११ मध्ये पहिल्या अल्बमच्या पुनर्प्रकाशनासोबत आले आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. परंतु दुसऱ्या वेळी त्यांचे मिश्रण नव्याने केलेले आहे. ड्रम आणि आवाज यांचे प्रमाण त्यात बदललेले असल्यामुळे १९७१ मध्ये ती टेप कशी वाजत होती याचा मापदंड म्हणून ते वापरता येत नाही, त्यासाठी २०११चीच आवृत्ती घ्यावी लागते. मी तीच घेतली, आणि माझ्या कॅसेटच्या नोंदीत आणखी एक ओळ वाढवली: पाचही गाणी २०११च्या आवृत्तीशी जुळतात, तिसरे गाणे घडीपुरते वगळून.